धूर दाखवणारी कालिंदी

निगव्यात कालिंदी मगदूमची स्कूटर शिरली की माणसं आधी डबा बघायची, मग कालिंदीला. डबा ॲल्युमिनियमचा, घागरीएवढा, चिंचोळ्या मानेचा. तिच्या पायांजवळ पट्ट्यानं आवळून बांधलेला.

"आली बघा बर्फाची गाडी," बाळासो चौगुले ओरडायचा. त्याच्या गोठ्यात आठ म्हशी होत्या आणि आवाज सोळा म्हशींचा होता.

डब्यात बर्फ नव्हता. द्रव नायट्रोजन होता, उणे एकशे शहाण्णव अंशांचा. त्यात कांड्या बुडवून ठेवलेल्या. कांडी म्हणजे बोटाहून थोडी लांब, उदबत्तीच्या काडीसारखी प्लॅस्टिकची नळी. तिच्यात जातिवंत रेड्याचं गोठवलेलं वीर्य. नळीवर रेड्याचा नंबर छापलेला.

म्हैस माजावर आली की मालकाचा फोन यायचा. कालिंदी डब्यातून कांडी काढायची, थर्मासच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, सळईसारख्या लांब गनमध्ये बसवायची आणि म्हशीच्या गर्भाशयाच्या तोंडाशी सोडायची. कृत्रिम रेतन हा कागदावरचा शब्द. गावात म्हणतात, कांडी घातली. तीन आठवड्यांनी म्हैस पुन्हा माजावर आली नाही तर बहुतेक गाभण. आली तर उलटली.

यंदाच्या थंडीत म्हशी उलटत होत्या.

उन्हाळ्यात उलटल्या तर ऊन नडलं म्हणता येतं. पण थंडी हा म्हशींचाच हंगाम. दिवाळी ते शिमगा, या दिवसांत कालिंदीला जेवायला फुरसत नसायची आणि तिच्या दहातल्या सहा म्हशी पहिल्याच खेपेला गाभण राहायच्या. यंदा दहातली एक राहत होती. कधी तीही नाही. लोकांनी पेंडीला दोष दिला, मग पाण्याला. कालिंदीनं खनिज मिश्रण द्या सांगितलं. तेही देऊन झालं.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बायडाबाई खोतांची तारा तिसऱ्यांदा उलटली.

बायडाबाई अडुसष्ट वर्षांची. नवरा जाऊन बारा वर्षं झालेली. एकुलता मुलगा पुण्यात. घरात ती आणि गोठ्यात तारा. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन दूध संस्थेत जाणं, रांगेत उभ्या उभ्या चार जणींशी भांडणं, परत येणं. तिचा दिवस या दोन फेऱ्यांच्या मध्ये बसवलेला होता. आता तारा आटत आली होती. गाभण राहिली नाही तर किटली रिकामी आणि फेऱ्याही बंद.

"कालिंदे, खरं सांग. हिच्यात काय खोट हाय?"

"खोट दिसत न्हाई, आक्का. माज चांगला हाय. सोट बघा की, शेपटीखाली लोंबतोय तो, काचंसारखा स्वच्छ हाय."

"मग ऱ्हात का न्हाई?"

 कालिंदी हातमोजा धूत राहिली.

"सोमवारी वडगावच्या बाजाराला लावून देते," बायडाबाई म्हणाली. "टेम्पो सांगितलाय. पोरगं म्हणतंय, आई, म्हैस बी थकली, तू बी थकलीस, पुण्याला चल. पाचव्या मजल्यावर घर हाय. मी काय करू तिथं? गॅलरीत बसून मोटारी मोजू? पण म्हैसच न्हाई तर हितं तरी कशाला बसायचं?"

"तारा सात वर्षांची हाय. थकली कुठली?"

"मग वांझ म्हण."

"तसं म्हणू नका आक्का."

कालिंदीचा आवाज जरा चढला. बायडाबाईनं तिच्याकडे पाहिलं. भाकड म्हैस बाजारातून कुठं जाते, ते दोघींना ठाऊक होतं. 

कालिंदी कोल्हापुरातल्या शुक्रवार पेठेत वाढलेली. वडील, अण्णा, सरकारी जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. डॉक्टर तपासायचे, अण्णा बांधायचे, धरायचे, धुवायचे. शाळा सुटली की कालिंदी थेट दवाखान्यात. दावं कसं धरायचं, म्हशीच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, लाथ येणार हे कानांवरून कसं ओळखायचं, हे तिला पाढ्यांच्या आधी येत होतं. बारावीनंतर मलकापूरला लग्न झालं. मूल झालं नाही. तपासणी फक्त तिची झाली. तिच्यात काही सापडलं नाही. नवऱ्याला कुणी तपासायला सांगितलं नाही. पाचव्या वर्षी ती एक पिशवी घेऊन शुक्रवार पेठेत परत आली. त्याबद्दल ती यापलीकडे एक वाक्य बोलत नाही.

मग तिनं रेतनाचं प्रशिक्षण घेतलं. तुकडीत सत्तावीस पुरुष आणि ती. शिवाजी पुलापलीकडची सहा गावं तिला मिळाली, कारण ती दुसऱ्या कुणाला नको होती. पहिल्या वर्षी तिला गोठ्यातून परत पाठवायचे.

"बाईमाणूस कांडी घालणार? मग आम्ही काय बांगड्या भरू?"

"भरा की," ती म्हणायची. "म्हैस मात्र माजावर हाय तवर सांगा. उद्या बांगड्या बी उपेगाच्या न्हाईत."

हळूहळू बायका बोलवू लागल्या. गोठा बायकाच बघतात. म्हशीचा माज, सोट, अंग बाहेर येणं, हे पुरुषाशी बोलायला त्यांना जड जायचं. कालिंदीशी मोकळेपणानं बोलता यायचं. पण दाव्याचा मालक पुरुष. त्याला शंका. ही बाई भलतीच कांडी घालत असली तर? मुऱ्हा सांगून गावठी?

तेव्हा कालिंदीनं एक गोष्ट सुरू केली. कांडी घालण्याआधी ती डब्यातली लांब दांड्याची नळकांडी वर ओढायची. कांड्यांचा अख्खा जुडगा त्या नळकांडीत असतो. डब्याच्या मानेतून धूर बाहेर पडायचा. पांढरा, जड, खाली वाहणारा. गोठ्याच्या फरशीवरून तो म्हशीच्या खुरांपर्यंत जायचा. मग ती चिमट्यानं कांडी उचलायची, उजेडात धरायची आणि नंबर मोठ्यानं वाचायची.

"बघा पावणं. मुऱ्हा. नंबर वाचा तुम्हीच."

पावणा वाचायचा. शेजारचा वाचायचा. मग म्हशीला कांडी जायची.

सगळ्या गावांत ती रीत पडली. नंबर बघितल्याशिवाय दावं धरायचं नाही. पूर्वी हे दोन-चार सेकंदांत व्हायचं. गेल्या दसऱ्याला बाळासोनं फोनवर त्याचं रील काढलं. धूर, म्हैस, कालिंदीचा हात आणि मागं ढोल. चाळीस हजार लोकांनी ते पाहिलं. त्यानंतर प्रत्येक गोठ्यात फोन निघू लागले.

"ताई, जरा वर धरा."

"ताई, धूर संपला. परत एकदा."

"ताई, आमच्या हिला बी फ्रेममध्ये घ्या की."

कालिंदी हसायची. वर धरायची. तिलाही ते आवडत होतं. वीस वर्षांपूर्वी ज्या दारांतून तिला परत पाठवलं, त्याच दारांत माणसं तिचे फोटो काढत होती.

त्या गुरुवारी रात्री तिनं विजयसिंहला फोन लावला. तो गडहिंग्लजकडचा, तिच्याच कामातला. एकाच ठिकाणाहून कांड्या यायच्या. तेच रेडे, तीच खेप.

"तुझ्याकडं उलटतायत का रं म्हशी?"

"न्हाई की. यंदा बरं चाललंय. का गं?"

"काय न्हाई."

शनिवारी विजयसिंह कामासाठी कोल्हापुरात येणार होता. तिनं त्याच्याकडून एक कांडी मागून घेतली. रेडा तोच, तारीख तीच. दुसरी आपल्या डब्यातली काढली. दोन्ही नायट्रोजनच्या छोट्या थर्मासात बुडवून ती इरावती देशपांडेंच्या प्रयोगशाळेत गेली.

इरावती एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या. वर्षातून एकदा त्या कालिंदीला वर्गात बोलवायच्या. पुस्तकात नसलेलं सांगा, असं सांगून स्वतः मागच्या बाकावर बसायच्या. शनिवारी दुपारी प्रयोगशाळा मोकळी होती.

"दोन्ही एकाच रेड्याच्या?"

"व्हय मॅडम. त्याच दिवशी गोठवलेल्या."

इरावतींनी दोन्ही कांड्या कोमट पाण्यात वितळवल्या. दोन काचपट्ट्यांवर थेंब घेतले. त्यात गुलाबी रंग मिसळला, पार्श्वभूमीसाठी थोडा काळाही.

"जिवंत पेशी रंग आत घेत नाही," त्या म्हणाल्या. "तिचं आवरण त्याला अडवतं. आवरण फाटलं असेल तर रंग सरळ आत शिरतो. पांढरी दिसली ती धड. गुलाबी दिसली ती मेली. बघा."

आधी विजयसिंहची पट्टी. कालिंदीनं डोळा लावला. काळसर पार्श्वभूमीवर पांढरी टोकं, बारीक शेपट्या. मध्ये मध्ये गुलाबी.

"गुलाबी बी हायत की."

"असणारच. गोठवताना थोड्या मरतातच. शंभरात साठ पांढऱ्या असल्या तरी माल चांगला. आता तुमची."

कालिंदीनं पाहिलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

सगळं गुलाबी होतं.

इरावतींनी मोजलं. शंभरात नऊ पांढऱ्या.

"आणखी एक करून बघू," त्या म्हणाल्या. त्यांनी दोन्ही थेंब अगदी फिक्या, जवळजवळ पाण्यासारख्या द्रावणात टाकले आणि पाऊण तास थांबायला लावलं.  मग पुन्हा सूक्ष्मदर्शक. विजयसिंहच्या पेशींच्या शेपट्या वळल्या होत्या. कुणाची आकड्यासारखी, कुणाची वेटोळी.

"पाणी आत शिरलं की धड आवरण फुगतं, ताणतं. म्हणून शेपटी वळते. फाटलेलं आवरण कसं फुगणार?"

कालिंदीच्या पट्टीवर शेपट्या सरळ होत्या. सुतळीचे तुकडे पडावेत तशा.

"मॅडम, हे आवरण असतं तरी कसलं? कातडं?"

"कातडं नाही. चरबीचे कण असतात, दोन थरांत. प्रत्येक कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं. शेपट्यांना पाणी नको असतं. आत पाणी, बाहेर पाणी. म्हणून एका थराची डोकी बाहेर, दुसऱ्याची आत, आणि शेपट्या मध्ये एकमेकींत लपलेल्या."

"शिवलेलं असतं?"

"नाही. कुणी कुणाला बांधलेलं नाही. सगळे कण सारखे जागा बदलत असतात. शेजारी क्षणाक्षणाला बदलतो."

"मग फाटत कसं न्हाई?"

"शेपट्यांना पाण्यात जायचं नसतं ना. म्हणून सगळे सरकतात, पण सोडून कुणी जात नाही. मध्ये मध्ये मोठी प्रथिनं उभी असतात, आरपार. काय आत घ्यायचं, काय बाहेर टाकायचं, ते तीच ठरवतात. तीही तरंगत फिरतात."

कालिंदी थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली.

"जोतिबाची यात्रा," ती म्हणाली.

"काय?"

"चैत्रात डोंगरावर बघा मॅडम. मुंगीला वाट नसती. कुणी कुणाला धरलेलं नसतं. समोरचा माणूस घडीत दुसरीकडं. पण गर्दी फुटत न्हाई. आणि त्यातनं सासनकाठ्या चालतात. उंच, उभ्या. काठी पुढं सरकली की गर्दी वाट देती आणि मागं लगेच मिटती."

इरावती तिच्याकडे बघतच राहिल्या. वीस वर्षं त्या हे फळ्यावर काढत होत्या.

"अगदी तेच," त्या म्हणाल्या. "आता समजा थंडी पडली. कडाक्याची. माणसं जिथल्या तिथं गोठली."

"मग काठी सरकायची न्हाई."

"सरकायची नाही. आणि कडेला फटी पडतील. घरात बघा, थंडीत तूप थिजतं, तेल वाहतं राहतं. तुपातल्या बहुतेक शेपट्या सरळ असतात, त्या गच्च चिकटून बसतात. तेलातल्या वाकड्या, म्हणून सैल राहतात. आवरणात दोन्ही प्रकार. गार करताना काही कण आधी थिजतात, काही मागाहून. त्यांच्या मधल्या सीमेवर आवरण गळतं. म्हशीचं तर गायीपेक्षा नाजूक. म्हणून गोठवायच्या आधी द्रावणात अंड्याचा बलक घालतात. त्यातली चरबी आवरणाला सावरते."

"ते शिकवलं होतं. पण हे तर सगळं कारखान्यातच नीट झालेलं असतंय. विजयसिंहची तशीच गोठवलेली, मग माझीच का मेली?"

"उणे एकशे शहाण्णवला काहीच हलत नाही. वर्षं गेली तरी तसंच. पण कांडी तिथून जरा वर आली की आतले बर्फाचे बारीक कण जागे होतात. एकमेकांना मिळून मोठे होतात. त्यांना टोकं फुटतात. आवरण टोचलं जातं. तुम्ही परत बुडवलीत तर ते तसंच टोचलेलं गोठतं. पुढच्या वेळी आणखी." इरावतींनी विचारलं, "नळकांडी वर काढता तेव्हा कितीशी काढता?"

कालिंदीनं हात दाखवला. हातभर.

"किती वेळ?"

"रील काढायला मिनिट लागतो, मॅडम."

इरावतींनी हातातली काचपट्टी खाली ठेवली.

"एकच दाखवायची," कालिंदी म्हणाली, "आणि वर सगळ्याच येतात."

पन्नास कांड्यांचा जुडगा. दिवसात सहा-सात गोठे. प्रत्येक गोठ्यात एकदा वर, कधी दोनदा. दसऱ्यापासून. ती बेरीज करायला लागली आणि मध्येच थांबली. जे दाखवून तिनं विश्वास मिळवला होता, त्यानंच तिच्या हातातलं मेलं होतं. आणि तिला नियम माहीत नव्हता असंही नाही. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी फळ्यावर पहिला नियम तोच होता.

घरी अण्णा खाटेवर बसले होते. एकोणऐंशी वर्षांचे, एका डोळ्यानं अंधुक बघणारे. तिनं सगळं सांगितलं.

"मानेच्या वर काढायचं न्हाई," अण्णा म्हणाले. "हे तुला मी बी सांगितलं होतं."

"व्हय."

"मग?"

"तुम्हाला कुणी नंबर मागितला न्हाई अण्णा. मला मागितला."

 अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "नव्या कांड्या आण. जुन्या टाकून दे. आणि गप काम कर. महिन्यात म्हशी राहायला लागतील. लोक म्हणतील, पेंड बदलली म्हणून राहिल्या. सांगितलंस तर दारात उभं करणार न्हाईत. त्यांना निमित्तच पाहिजे असतंय."

"आणि तारा?"

"एक म्हैस."

"सोमवारी जाणार ती, अण्णा. भाकड म्हणून. जिच्यात काय खोटच न्हाई ती."

अण्णांनी मान वळवली. भिंतीकडे बघत म्हणाले, "मग जा."

रविवारी संध्याकाळी निगव्याच्या दूध संस्थेत रांग लागली होती. किटल्या, बरण्या, फॅट मोजायचं मशीन, आणि त्या मशीनवर कुणाचाच विश्वास नसल्यानं होणारी रोजची भांडणं. कालिंदी स्कूटर लावून पायरीवर उभी राहिली. डबा तिनं घरी ठेवला होता.

"ताई, आज रिकाम्या हातानं?" बाळासो ओरडला. "संप हाय काय बर्फाचा?"

"मला थोडं बोलायचंय."

"बोला की. निवडणुकीला उभ्या राहताय?"

हशा पिकला. कालिंदी थांबली. हशा संपला तरी थांबली. मग बोलली.

"ह्या थंडीत तुमच्या म्हशी उलटल्या, त्या म्हशींमुळं न्हाई. पेंडीमुळं बी न्हाई. कांड्या मेलेल्या होत्या. माझ्या डब्यात मेल्या. माझ्या हातनं."

मशीनवरचा माणूसही थांबला.

"मी नळकांडी वर काढून दाखवत होते. धूर बघायला, नंबर बघायला. ती वर आली की आतल्या पेशींचं आवरण फाटतं. मी काल कॉलेजात जाऊन बघितलं. शंभरातल्या नऊ जिवंत होत्या. मला नियम माहीत होता. तरी मी काढत होते."

"म्हंजे?" बाळासो पुढं आला. "माझ्या आठातल्या पाच उलटल्या, त्या?"

"पाचही माझ्यामुळं."

"आयला! आणि मी पेंडवाल्याशी भांडून बसलोय की! त्याच्या दुकानात जाऊन त्याचा बाप काढला मी!"

कुणीतरी फिसकन हसलं. कुणी म्हणालं, "बाईच्या हातात दिलं की असंच." कुणी म्हणालं, "तूच म्हणत होतास की, ताई जरा वर धरा."

"पण आवरण फाटतं म्हंजे काय? प्लॅस्टिकची नळी हाय की ती," एका बाईनं विचारलं.

"नळी न्हाई मावशी. आतल्या पेशीचं. चरबीचं असतंय, लई नाजूक. सांभाळायला अंड्याचा बलक घालतात त्यात."

"अंडं?" बाळासोचे डोळे चमकले. "बायडाक्का, ऐकलं का? तुमच्या माळकरी म्हशीला अंडं घातलंय तीन येळा!"

या वेळी मोठा हशा झाला. त्यात बायडाबाई नव्हती. ती रांगेत शेवटी, किटली छातीशी धरून उभी होती. किटलीत जेमतेम अर्धा लिटर.

"आजपासून आधी दाखवणार न्हाई," कालिंदी म्हणाली. "कांडी घालून झाली की रिकामी नळी हातात देईन. नंबर तिच्यावर असतोच. तेव्हा वाचा. पटत असंल तर बोलवा. न पटलं तर विजयसिंहचा नंबर देते. पण माझ्या कांडीनं उलटलेली म्हैस भाकड म्हणून बाजारात नेऊ नका. एकबी नेऊ नका."

ती बायडाबाईकडे बघत होती. बायडाबाई रांग सोडून पुढं आली.

"तीन येळा माझ्या दारात आलीस," ती म्हणाली. "तीन येळा मी तुला विचारलं, काय खोट हाय. तू म्हणालीस, खोट दिसत न्हाई."

"व्हय आक्का."

"पोराला मी सांगून बसले. घराची किल्ली कुणाकडं द्यायची ते बी ठरवलं. त्या मुक्या जिवाला रोज शिव्या दिल्या. वांझ म्हणाले तिला. तिच्या तोंडावर."

कालिंदीनं मान खाली घातली नाही. तिला ती घालावीशी वाटत होती.

बायडाबाईनं दूध घातलं नाही. किटली तशीच घेऊन ती घराकडे चालू लागली. कुणी तिला हाक मारली नाही.

सोमवारी सकाळी कालिंदीला निगव्याला जायचं धाडस झालं नाही. ती ओट्यापाशी उभी राहून फोनकडे बघत होती. पावणेनऊला फोन वाजला.

"टेम्पो माघारी लावून दिला," बायडाबाई म्हणाली. "पण तू येऊ नको."

फोन बंद झाला. कालिंदी खाली बसली. अण्णांनी विचारलं, "काय म्हणाली?" तिनं नुसता फोन पुढं केला. अण्णा समजले, की नाही समजले, कोण जाणे. त्यांनी उठून स्वतःच चहा टाकला. अंधुक डोळ्यानं निम्मा ओतून घालवला.

त्या आठवड्यात तिनं डबा रिकामा करून नव्या कांड्या आणल्या. फोन कमी झाले. दिवसात सहा-सात व्हायचे ते दोनवर आले. एका गावानं तिला बंदच केलं. बाळासोनं मात्र पाचव्या दिवशी बोलावलं. रील त्यानं काढून टाकलं नव्हतं. चाळीस हजार लोकांनी पाहिलेली गोष्ट पुसायची कशी, असं त्याचं म्हणणं. त्यानं त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'असं करू नये'. आता ते सत्तर हजारांनी पाहिलं होतं.

"ताई, नळी द्या हातात," कांडी घालून झाल्यावर तो म्हणाला. वाचली. खिशात टाकली. "आणि आता उलटली तर?"

"तर माझ्या नावानं रील काढा."

"काढणारच की."

ती म्हैस राहिली. मग दुसरी राहिली. मार्चअखेर फोन वाढू लागले. बायडाबाईचा आला नाही. तारा माजावर आली तेव्हा तिनं विजयसिंहला बोलावून घेतलं होतं. गडहिंग्लजहून तो दोन तास गाडी चालवत आला होता. हे कालिंदीला त्याच्याकडूनच कळलं.

"मला म्हणाली, बाबा, लांबनं आलास. पण जवळचीवर राग हाय माझा," विजयसिंह म्हणाला. "मी म्हटलं, मावशी, राग असू दे. आमच्यातलं कुणी असं गावासमोर सांगत न्हाई."

मेच्या मध्यावर, सकाळी सातला, बायडाबाईचा फोन आला.

"तपासायला येतीस काय?"

"विजयसिंह—"

"तो कांडी घालतोय. हात तुझा चांगला हाय. येतीस का न्हाई ते सांग."

कालिंदी गेली. तारा सावलीत बांधलेली. बायडाबाई दावं धरून उभी राहिली, कालिंदीकडे न बघता. कालिंदीनं मोजा चढवला, साबण लावला, हात आत घातला. डोळे मिटले. या कामात डोळ्यांचा उपयोग नसतो. गर्भाशयाची दोन शिंगं असतात. डावं बारीक, मऊ. उजवं जाड. बोटांखाली पाण्यानं भरलेली पिशवी. तिनं अगदी हलकं दाबलं. पिशवी दबली आणि परत वर आली.

आतल्या त्या गोळ्यात आता किती पेशी असतील, असं तिच्या मनात आलं. प्रत्येकीभोवती तसलंच एक आवरण, दोन थरांचं, न शिवलेलं.

"आक्का," ती म्हणाली. "हाय."

बायडाबाईनं दावं सोडलं नाही. मोकळ्या हातानं तिनं पदरातून फोन काढला आणि मुलाला लावला.

"तारा गाभण हाय. मी येत न्हाई रं तिकडं. ... म्हातारपणी बघू, आता न्हाई. ... कुणी सांगितलं म्हंजे? डॉक्टर कशाला पाहिजे? कालिंदीनं हात घालून बघितलंय."